दीड लाखाचे कार्ड आणि महिन्याची गोळी

२०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, मी आठ-दहा दिवस रहिमतपुरात होतो. सकाळी दादांबरोबर चौकापर्यंत चक्कर मारायची, चहा घ्यायचा आणि कुणी भेटेल त्याच्याशी बोलत बसायचे, असा क्रम. निवडणुकीचे दिवस असल्यामुळे दुसरा विषयच नव्हता. एके दिवशी दोन कार्यकर्त्यांची चांगलीच जुंपली. दोघेही आमच्याच आळीतले, एकमेकांच्या लग्नकार्यात वाढपी म्हणून राबणारे. एकाचे म्हणणे असे, की गरिबाला दीड लाखाच्या उपचाराचे कार्ड आमच्या सरकारने दिले, आणि तेही आपल्या कराडच्या मुख्यमंत्र्यांनी. दुसरा म्हणाला, दीड लाखाचे पाच लाख कुणी केले ते सांग. आणि नुसते गरिबाला नव्हे, सगळ्यांना!

दादा बशीतला चहा संपवून म्हणाले, “दोघंबी खरंच बोलताय. पर माझी महिन्याची गोळी कुठल्या सरकारात बसती, तेवढं सांगा की.”

सगळे हसले. दुकानदारही हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या गोळीची सारी हकीकत मला ठाऊक होती. ती सांगायची तर सुरुवात आमच्या तात्यांपासून करावी लागेल.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. सातारा जिल्ह्यातील हजारो तरुणांप्रमाणे तेही विशीत मुंबईला गेले आणि परळच्या एका गिरणीत साच्यावर लागले. गावी येत तेव्हा बोनस, सणाची रजा आणि खोलीतल्या मंडळींची भांडणे यांच्याबरोबरच ते एका कार्डाच्या गोष्टी सांगत. ते होते कामगार राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे कार्ड. हा कायदा १९४८ चा, मुंबईत योजना सुरू झाली १९५४ साली. कामगाराच्या पगारातून थोडी रक्कम कापायची, मालकाने त्याहून अधिक भरायची आणि त्यातून दवाखाना, औषध व आजारपणातल्या रजेचा भत्ता द्यायचा. आजाऱ्याला घरात बसून पैसे मिळतात, हे ऐकून माझी आजी थक्क व्हायची. “सरकार लई शहाणं दिसतंय,” असा तिचा अभिप्राय असे.

ही कल्पना काही आपली नव्हे. बिस्मार्कने १८८३ साली जर्मनीत कामगारांसाठी आजारपणाचा विमा कायद्याने सक्तीचा केला. समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घेणे हा त्याचा हेतू होता, हे इतिहासकार सांगतात. म्हणजे आरोग्य विम्यात पहिल्या दिवसापासून राजकारण आहेच. आमच्या चौकातल्या मंडळींना उगाच दोष का द्यावा!

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्याचे पुढे काय झाले ते सांगायला नको. तात्या दीड वर्ष तग धरून राहिले आणि मग एक ट्रंक घेऊन गावी परतले. नोकरी गेल्याचे दुःख सगळ्यांना दिसत होते. नोकरीबरोबर विम्याचे कार्डही गेले, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आले नाही. ते आले चार वर्षांनी, १९८६ साली, तात्यांच्या हृदयाची झडप खराब झाल्याचे निदान झाले तेव्हा. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. औषधे, रक्त, राहणे, जाणे-येणे धरून अठ्ठावीस हजार रुपये लागले. आमच्या आबांनी विहिरीखालचे वीस गुंठे विकले. भावकीतल्याच एकाने घेतले. आजही आमच्या बांधावर उभे राहिले की ते रान समोर दिसते. दादा तिकडे पाठ करून बसतात. ती त्यांची सवय होऊन गेली आहे.

ज्याला नोकरी त्याला विमा, ही सोय नोकरी सुटली की सुटते. आणि ज्याला मुळात नोकरीच नाही त्याचे काय, हा प्रश्न स्वातंत्र्याच्या आधीच विचारला गेला होता. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे त्याचे मुख्य सूत्र. वर्गणी भरण्याची ताकदच बहुसंख्य जनतेत नाही, तेव्हा करांच्या पैशातून सरकारनेच गावोगाव आरोग्य केंद्रे चालवावीत, असे समितीने सुचविले. ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी जवळपास तसेच केले. आपण समितीचे म्हणणे मान्य केले, प्राथमिक आरोग्य केंद्रे काढली, पण त्यांत पुरेसा पैसा कधी घातला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी २०२५ ही मुदत घातली. मुदत येऊन गेली; खर्च तिथवर पोहोचला नाही.

मोठ्या आजारासाठी सरकारने काहीतरी करावे, ही मागणी मात्र वाढतच होती. १९९७ साली युती सरकारच्या काळात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी योजना आली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा निवडक शस्त्रक्रियांना तीत मदत मिळे. मग २००७ मध्ये आंध्र प्रदेशात राजशेखर रेड्डींनी ‘आरोग्यश्री’ सुरू केली आणि तिच्यावर निवडणूक जिंकता येते हे सगळ्या देशाच्या लक्षात आले. महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. त्या आठांत सातारा नव्हता, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण साताऱ्याचे असूनही! नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, यादीत ९७१ शस्त्रक्रिया व उपचार. सरकारने विमा कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये भरायचे आणि कंपनीने रुग्णालयाचे बिल चुकवायचे, अशी रचना.

दादांचे कार्ड केशरी. फेब्रुवारी २०१५ मधली गोष्ट. पहाटे त्यांच्या छातीत दुखू लागले. घरच्यांनी पित्त समजून खायचा सोडा दिला. त्यात दीड तास गेला. उजाडल्यावर गावातल्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि एक मिनिट थांबू नका म्हणाले. १०८ ची गाडी तेव्हा नवीनच सुरू झाली होती, ती आली. जिल्ह्यातल्या एका खाजगी रुग्णालयात, जिथे ही योजना होती, तिथे दादांना नेले. मी पुण्याहून पोहोचेपर्यंत दुपार झाली होती.

तिथल्या टेबलाशी पांढरा एप्रन घातलेला आरोग्यमित्र बसला होता. मुलगा भला होता. त्याने मूळ रेशनकार्ड मागितले. ते गावी होते, वहिनींच्या पेटीत. तातडीच्या रुग्णाला फोनवर मंजुरी घेऊन दाखल करायचे आणि कागद मागाहून घ्यायचे, अशी तरतूद योजनेत आहे, हे मला नंतर समजले. त्या दिवशी काउंटरवर आम्हाला सांगण्यात आले, कार्ड येईपर्यंत दहा हजार भरा. पुतण्याने ते भरले आणि मोटरसायकल काढून गावाकडे धावला. कार्ड आले, मंजुरी आली. दहा हजार परत आले नाहीत. ते ‘आधीच्या तपासण्यांत’ जमा झाले.

दुसरा प्रसंग संध्याकाळचा. एका गृहस्थाने आम्हाला बाजूला घेतले. रक्तवाहिनीत बसवायची जाळी, म्हणजे स्टेंट, योजनेत साधा मिळतो. चांगला, परदेशी हवा असेल तर वर साठ हजार भरावे लागतील. “निर्णय तुमचा. माणूस तुमचा आहे,” असेही तो म्हणाला. हे वाक्य ऐकल्यावर कुणाची विचारशक्ती शाबूत राहील? वहिनींनी काही न बोलता हातातल्या पाटल्या काढल्या. त्या घेऊन पुतण्या जिन्यापर्यंत गेलाही होता. तिथे एक तरुण डॉक्टर भेटला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, “काका, योजनेतलाच बसवा. काही फरक पडत नाही.” आम्ही तसे केले. त्या मुलाचे नाव मी विचारले नाही आणि कळले असते तरी इथे लिहिले नसते.

आता ही तक्रार सांगितली म्हणून कार्डाचे मोल कमी होत नाही. सहाव्या दिवशी दादा चालत घरी आले. तात्यांच्या वेळी अठ्ठावीस हजारांपायी वीस गुंठे गेले, दादांच्या वेळी लाखाच्या घरातले बिल झाले आणि जमिनीचा एक ढेकूळही हलला नाही. रुग्णालयातले जेवण फुकट, घरी जाताना एस.टी.चे भाडेसुद्धा मिळाले. वहिनींनी ते पैसे खर्च केले नाहीत, देवापुढे ठेवले. विमा योजना म्हणजे निव्वळ धूळफेक, असे म्हणणाऱ्या माझ्या काही विद्वान मित्रांना मी ही हकीकत नेहमी ऐकवतो. त्यांचे युक्तिवाद मला समजतात, पण त्यांच्या घरचे रान कधी विकले गेलेले नाही.

स्टेंटचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली : साधा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये, कर वेगळे. त्याआधी औषध लावलेल्या स्टेंटला लाख-लाख रुपये मोजलेली माणसे तुमच्याही ओळखीत असतील. एका आदेशाने किंमत इतकी खाली येते, याचा अर्थ आधी ती कशाच्या जोरावर वर होती? विम्याची रक्कम दीड लाख की पाच लाख यावर आपण तावातावाने बोलतो. पण बिल किती व्हावे यावर कुणाचाच ताबा नसेल तर पाच लाखही पुरणार नाहीत. त्या आदेशावर निवडणुकीत मते मागताना मी कुणाला फारसे ऐकले नाही. कदाचित त्याचे कार्ड छापता येत नाही म्हणून असेल.

आता गोळी. घरी सोडताना दहा दिवसांची औषधे योजनेतून मिळाली. अकराव्या दिवसापासून ती आमची. रक्त पातळ ठेवणारी एक, चरबीची एक, रक्तदाबाची एक आणि आणखी दोन, मिळून महिन्याला अकराशे रुपये. योजनेच्या यादीत १२१ पाठपुरावा सेवाही होत्या. त्यांत दादांचे काही बसत होते की नाही हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. सरकारी दवाखान्यात रक्तदाबाची गोळी मिळे, बाकीच्यांना ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी. ही चिठ्ठी महाराष्ट्रात कुणाला अपरिचित आहे?

दादांनी दोन वर्षे नेमाने गोळ्या घेतल्या. २०१७ साली आल्याचा भाव पडला. आमच्याकडे आले गाडीवर विकतात, एक गाडी म्हणजे पाचशे किलो. त्या वर्षी गाडीचे जे पैसे हातात आले त्यात बियाण्याचाही खर्च निघेना. शेतकरी अशा वेळी आधी स्वतःवरचा खर्च कमी करतो. दादांनी आधी चरबीची गोळी बंद केली, कारण चरबी काही दुखत नाही. मग रक्त पातळ करणारी एक दिवसाआड घेऊ लागले. घरात कुणाला पत्ता नाही. वहिनी विचारत तेव्हा ते डबी वाजवून दाखवत.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला.

पुन्हा १०८, पुन्हा तेच रुग्णालय. दारावरचा फलक मात्र बदलला होता. एप्रिल २०१७ पासून योजनेचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना असे झाले होते. फुल्यांचे मूळ गाव कटगुण आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यात. सावित्रीबाईंचे नायगावही याच जिल्ह्यातले. १८९७ च्या प्लेगात, मुलगा डॉ. यशवंत चालवीत असलेल्या दवाखान्यात रोग्यांना पोहोचवताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या गेल्या. तेव्हा नाव योग्यच म्हणायचे. पण एक सरकार एक नाव लावते, दुसरे ते पुसते, हा खेळ पाहताना वाटते, की फलकाच्या रंगाइतकी तत्परता औषधांच्या कपाटाबाबत दाखवली असती तर!

या वेळी कार्ड बरोबर होते. साठ हजारांची गोष्ट कुणी काढली नाही. दुसरा स्टेंट बसला, बिल पुन्हा योजनेने भरले. पण हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला होता. तेव्हापासून दादांना विहिरीची पायरी चढवत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बसून मी एक साधा हिशोब मांडत होतो. दोन वर्षांच्या गोळ्यांचे झाले असते सव्वीस हजार. ते देण्याची सोय नव्हती. ते न दिल्यामुळे झालेल्या दुखण्याचे लाखभर रुपये मात्र विनातक्रार दिले गेले.

सरकारी विम्यावरचा वाद आपल्याकडे बहुधा दोन टोकांचा असतो. समर्थक म्हणतात, सरकारी रुग्णालये उभी राहायला पिढ्या जातील. खाटा आणि तज्ज्ञ खाजगीत आहेत, तर गरिबाला तिथे जाण्याचे बळ द्या. विरोधक म्हणतात, करांचा पैसा खाजगी रुग्णालयांकडे वळतो आणि सरकारी दवाखाने आणखी ओस पडतात. वर गैरव्यवहार आहेतच. ‘आयुष्मान भारत’च्या नोंदींत साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले आढळल्याचे महालेखापरीक्षकांनी २०२३ साली दाखवून दिले, नंबर होता, दहा वेळा नऊ! खाजगी डॉक्टरांचेही गाऱ्हाणे आहे, की ठरवून दिलेले दर परवडत नाहीत आणि पैसे महिनोन्महिने येत नाहीत. ते खोटे नाही. त्याची वसुली मग काउंटरवरच्या दहा हजारांतून होते.

मला विचाराल तर दोन्ही बाजू रुग्णालयाच्या दारापाशीच थांबतात. दादांचे दुखणे पहिल्या पहाटे घरात सुरू झाले, सोड्याच्या ग्लासाशी. दुसरे सुरू झाले गोळ्यांच्या डबीशी. विमा कंपनीला ३३३ रुपये द्या किंवा, २०२० मध्ये झाले तसे, ७९७ रुपये द्या; ती बिल भरील. रक्तदाब मोजायला घरी येणारी नर्स ती आणून देणार नाही, कारण ते तिचे कामच नव्हे. थायलंडने २००१-०२ मध्ये तीस बाथ भरून कोणताही उपचार घेण्याची योजना आणली, तिचे जगभर कौतुक झाले. तिथे आधीची दोन दशके ग्रामीण भागात जिल्हा-तालुक्याची रुग्णालये बांधून, तिथे डॉक्टर पाठवून झालेले होते, ही गोष्ट त्या कौतुकात बाजूला पडते. कार्ड हातात आले तेव्हा ते दाखवायला जवळ दवाखाना होता.

आपल्याकडेही काही हलले नाही असे नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. त्याच वर्षी २८ जुलैच्या निर्णयाने फुले योजनेचे संरक्षण पाच लाखांचे आणि सर्वांसाठी झाले. १ जुलै २०२४ पासून ते अमलात आले. त्यामुळे माझ्यासारखा पांढऱ्या कार्डाचा माणूसही आता तीत आहे. खोटे कशाला बोलू, बरे वाटले. एका नातेवाइकाने लगेच सल्ला दिला, आता खाजगी विम्याचा हप्ता भरू नकोस. मी अजून भरतो. काउंटरवरची ती दुपार डोळ्यांपुढून जात नाही.

दादा आता बाहत्तर वर्षांचे आहेत. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांचे संरक्षण देणारे वेगळे ‘वय वंदना’ कार्ड केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केले. २०२५ च्या उन्हाळ्यात गावात त्याच्या नोंदणीला मुलगे बसले होते. मी दादांना घेऊन गेलो. आधार कार्ड दिले, फोटो काढला, अंगठा लावला. नांगर धरून रेषा झिजल्यामुळे अंगठा तिसऱ्या खेपेला उमटला. सगळे झाल्यावर दादांनी खिशातून गोळीची रिकामी पट्टी काढून त्या मुलापुढे धरली.

“पोरा, ही बसती का ह्यात?”

मुलाने पट्टी उलटसुलट करून पाहिली, संगणकावर काहीतरी शोधले. मग म्हणाला, “आजोबा, त्याला ॲडमिट व्हावं लागतंय.”

“मग नगं,” दादा म्हणाले. कार्डाचा कागद त्यांनी चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवला. घरी आल्यावर तो तात्यांच्या ट्रंकेत गेला, जिथे केशरी रेशनकार्ड आहे आणि वीस गुंठ्यांच्या खरेदीखताची नक्कलही. साताऱ्याच्या जनऔषधी दुकानात त्याच गोळ्या आता तीनशे साठ रुपयांत मिळतात. मी दुसऱ्या दिवशी निघणार होतो, म्हणून दादांनी रिकामी पट्टी माझ्या हातात दिली आणि दोन महिन्यांच्या आणून ठेव म्हणाले.